हल्लेखोर ठीक दहा वाजता येतील

तीस वर्षं मी खांद्याला बंदूक लावून उभा राहिलो आणि त्या तीस वर्षांत तिच्यातून एक गोळी सुटली नाही. लोकांना वाटतं मी हे लाजून सांगतो. अरे, लाजायचं काय त्यात? गनमॅनच्या हातून गोळी सुटली नाही म्हणजे त्यानं नोकरी नीट केली. घाटकोपरला एका बँकेच्या दारात माझी ड्युटी होती. काम काय, तर उभं राहायचं आणि दिसायचं. मिशी राखायची. येणारा प्रत्येक तिसरा माणूस विचारणार, "खरी आहे का हो?" आणि आपण त्याच्याकडे न बघता हूं म्हणायचं. एक आजी पासबुक भरायला आली की छत्री माझ्याच हातात देऊन आत जायची. दुसऱ्या कुणावर तिचा विश्वास नव्हता.

बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो, बंदूक माझ्या खांद्याला असायची आणि काडतुसं मॅनेजरच्या कपाटात. सुरक्षित राहावीत म्हणून. कपाटाची चावी मॅनेजरकडे, आणि मॅनेजर जेवायला घरी. दसऱ्याला सगळा स्टाफ बंदुकीला झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू लावायचा. ते नळीत गेलं की मला काढत बसायला लागायचं. निवडणूक लागली की चौकीवरून निरोप यायचा, लायसनवाल्यांनी हत्यार जमा करा. कधी सूट मिळे, कधी नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, आज मोकळे हात? म्हटलं, जमा केली, आचारसंहिता आहे. तो म्हणाला, मग आज दरोडा पडला तर? मी म्हटलं, त्यांनीपण जमा केली असेल ना. तो समाधानानं पैसे भरून गेला.

तर असा सगळा अनुभव गाठीला बांधून मी रिटायर झालो, बंदूक आणि लायसन दोन्ही सोडलं, आणि वर्षभर घरी बसून बायकोच्या मध्ये मध्ये यायला लागलो. तिनंच शेवटी सांगितलं, "खय तरी जावा आणि उभे ऱ्हवा." मग नाहूरला एका शाळेत सुरक्षाप्रमुख म्हणून लागलो. प्रमुख म्हणजे मी, आणि माझ्या हाताखाली गेटवर सुशीलाबाई. पोरं मला परबकाका म्हणायची. पाण्याच्या बाटल्या हरवल्या की शोधून देणं, व्हॅनवाल्यांची भांडणं सोडवणं, गेटसमोरच्या गोळेवाल्याला हाकलून परत बोलावणं, असं झकास चाललं होतं.

मग तो व्हिडिओ आला. परदेशात कुठल्याशा शाळेत एक जण बंदूक घेऊन घुसला आणि पोरांना मारलं. कुणाच्या तरी मोबाइलवर घेतलेलं ते. पोरं हात वर करून रांगेनं बाहेर येतायत, एकाच्या पायात एकच बूट. पालकांच्या ग्रुपवर ते सकाळी आलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या शाळेचीच वाट लागल्यासारखे फोन सुरू झाले. मीही बघितला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे खरं.

शनिवारी तातडीची पालकसभा. भीती वाटली की माणूस गप्प बसतो असं आपण समजतो. चूक. भीती वाटली की माणूस सूचना करतो. एक बाई म्हणाल्या, दप्तरं पारदर्शक करा, म्हणजे आतलं दिसेल. त्यावर दुसऱ्या म्हणाल्या, डब्यात काय आहे ते सगळ्यांना कशाला दिसायला पाहिजे? अर्धा तास डब्यावर गेला. एकांनी फळा बुलेटप्रूफ करायला सांगितला. एक आजोबा म्हणाले, गेट दक्षिणेला आहे तिथेच गडबड आहे. कुणीतरी विचारलं की आपल्याकडे बंदुका तरी कुठे मिळतात, तर सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की तो बिचारा खाली बसला. मला वाटलं सांगावं, बाबांनो, मी तीस वर्षं वागवली, काडतूस मिळवायला काय काय करावं लागतं ते मला विचारा. पण माझ्याकडे बघून सगळ्यांना धीर येत होता. तो धीर माझ्याकडे बघूनच येतोय म्हटल्यावर मीही छाती पुढे काढून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पालकांमधले शहा म्हणून एक गृहस्थ होते, औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी लॅपटॉप लावून पडद्यावर बाण-चौकोन दाखवले आणि सांगितलं की यावर उपाय एकच, मॉक ड्रिल. म्हणजे खोटा हल्ला करायचा आणि शाळा कशी वागते ते पाहायचं. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका नाडकर्णी मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परब, तुम्ही अनुभवी आहात. नियम तुम्हीच लिहा."

शहांनी इंटरनेटवरून काढलेली चोपडी दिली होती, ती समोर ठेवून मी सात नियम लिहिले. दिवे-खिडक्या बंद करा, लपायची जागा अशी निवडा की कुणाला सुचणार नाही, फोन बंद करा, वगैरे. पण माझा लाडका होता नियम चार. तो असा: 'दार एकदा बंद झाल्यावर बाहेरून कोणीही थाप मारली, ओळखीच्या आवाजात हाक मारली किंवा रडून दाखवले, तरी दार उघडू नये. मुख्याध्यापिकांनी सांगितले तरी उघडू नये.' कारण हल्लेखोर कुणालाही धरून हाक मारायला लावू शकतो. हे चोपडीत होतं. 'रडून दाखवले तरी' हे माझं स्वतःचं. बँकेत लोक काय काय रडतात ते मी पाहिलं होतं. मॅडमनी खाली सही केली, शहांनी "एक्सलंट, परबजी" म्हटलं, आणि तो कागद प्रत्येक वर्गात चिकटवला. पोरांनी तो पाढ्यासारखा पाठ केला.

हल्लेखोर कोण होणार, यावर अडलं. पीटीचे सर म्हणाले, पोरं मला बघून पळणार नाहीत, अंगावर येतील. शेवटी चित्रकलेच्या ढवळे सरांचा तो तास मोकळा होता म्हणून त्यांना घेतलं. ढवळे सर म्हणजे पावणेपाच फूट उंचीचा, डस्टर आपटला तरी सॉरी म्हणणारा माणूस. त्यांच्यासाठी ड्रेस आणायला मी मुलुंडच्या एका ड्रेसवाल्याकडे गेलो. म्हटलं, हल्लेखोराचा ड्रेस आहे का? तो म्हणाला, मावळा आहे, कोळीण आहे, भाजीवाली आहे, डाकू आहे. डाकू घेतला. काळं धोतर, कपाळाला लाल टिळा, कानापर्यंत मिशा आणि छातीवर पुठ्ठ्याच्या काडतुसांचा पट्टा. बंदूक दिवाळीतली, टिकल्यांची.

मॅडमनी सगळ्या पालकांना परिपत्रक पाठवलं: मुलांनी घाबरू नये, हल्लेखोर ठीक दहा वाजता येतील.

दहाला पाच कमी असताना ढवळे सर गेटवर आले आणि सुशीलाबाईनं त्यांना अडवलं. बाई माझ्याच तालमीतली. ॲपवर नोंद झाल्याशिवाय देवाला पण आत सोडायचं नाही, असं मीच तिला शिकवलं होतं. तिनं त्यांचा फोटो काढला. मिशीमुळे चेहरा नीट येईना, म्हणून मिशी वर धरून परत काढला. मग ओटीपी. नेटवर्क नाही. सर उन्हात डाकू होऊन उभे, रस्त्यावरचे रिक्षावाले सेल्फी घेतायत. दहा वाजून वीस मिनिटांनी ओटीपी आला. 'भेटीचं कारण' या रकान्यात तिनं टाइप केलं, गोळीबार. आणि सरांना आत सोडलं.

ठरल्याप्रमाणे मी घंटा वाजवली. सगळ्या वर्गांची दारं धडाधड बंद झाली, दिवे गेले, आवाज बंद. साडेतीनशे पोरं एका इमारतीत आणि टाचणी पडेल तर ऐकू येईल. ढवळे सर पॅसेजमधून फिरत होते आणि दर दहा पावलांवर एक टिकली वाजवत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली, म्हणून कँटीनच्या मावशींनी त्यांना बसवून चहा दिला. पावणेअकराला, ड्रिल बघायला आलेल्या शहांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, झालं, संपवा.

संपवा म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की संपवायचं कसं ते मी लिहिलंच नव्हतं.

मी घंटा वाजवली. पण घंटा म्हणजे तर हल्ला. आत पोरं बाकांखाली आणखी सरकल्याचा आवाज आला. मॅडम पाचवीच्या दारावर जाऊन म्हणाल्या, झालंय सगळं, उघडा. आतून बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, नियम चार." मॅडम म्हणाल्या, अहो, मी स्वतः सांगतेय. आतून उत्तर आलं, सही तुमचीच आहे. स्पीकरवरून घोषणा केली, कुणी हललं नाही. फोन तर सगळ्यांचे बंद, नियम तीन. शहांना एक कल्पना सुचली, शाळा सुटताना लागतं ते राष्ट्रगीत लावा. लावलं. आत बाकं सरकली, साडेतीनशे पोरं अंधारात ताठ उभी राहिली, राष्ट्रगीत संपलं आणि सगळी परत खाली बसली. दार एक उघडलं नाही. मला आतून इतका अभिमान वाटत होता आणि इतका घाम फुटला होता की काय सांगू.

शेवटी सोडवलं ते पहिलीच्या पोरांनी. त्यांना लघवी आली. दीड-पावणेदोन तास म्हणजे काय थट्टा आहे? पहिलीच्या बाईंनी दार उघडलं, पोरं ओळीनं धावत सुटली, ती बघून दुसरीनं फटीतून डोकं काढलं, आणि असं करत करत सव्वाबाराला शाळा मोकळी झाली. हसू, आरडाओरडा, डाकूबरोबर फोटो. मी भिंतीला टेकून पहिल्यांदा श्वास घेतला.

तेवढ्यात तिसरी ब च्या वैद्यबाई आल्या. अजून तिशीची नसेल ती मुलगी. म्हणाली, एक कमी आहे. मुक्ता. मी म्हटलं, बाथरूमला गेली असेल. ती म्हणाली, नाही, ती आत नव्हतीच. घंटा व्हायच्या आधी पाणी प्यायला गेली होती. मग ती जे बोलली ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं.

"तिनं दार वाजवलं होतं, काका. बाई, मी आहे, म्हणाली. मग रडायला लागली. पोरं म्हणत होती, बाई, मुक्ता आहे, उघडा. मी त्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं."

ते 'रडून दाखवले तरी' माझं होतं. चोपडीतलं नव्हतं.

शाळेच्या मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे रूळ. भिंतीला एका ठिकाणी पोर जाईल एवढी खाच होती, ती बुजवा म्हणून मी दोनदा लिहून दिलं होतं. धावत तिथे गेलो. काही नाही. सुशीलाबाई शपथ घेऊन सांगत होती की गेटमधून कुणी गेलं नाही. साडेबारा झाले होते, पालक गेटवर जमले होते आणि त्यात मुक्ताची आई उभी होती. तिला आत घ्यायला गेलो तर ॲप तिचाही ओटीपी मागत होतं. सुशीलाबाईनं तो मोबाइल खुर्चीवर टाकला आणि गेट उघडलं. नोकरीत तिनं पहिल्यांदा नियम मोडला.

सगळे मुक्ता मुक्ता करून ओरडत होते. मी म्हटलं, गप्प व्हा. ओरडून ती येणार नाही, तिला येऊ नको असं आपणच शिकवलंय. सगळ्या शाळेला मैदानात बसवलं, तोंडावर बोट. आणि मी एकेक खोली घ्यायला लागलो, नुसता कान लावून. तळमजल्यावर पीटीची खोली आहे. आत ढोल, ताशे, गाद्या आणि लेझमांचं लाकडी कपाट. तिथे उभा राहिलो तर छण्‌ असा एकच बारीक आवाज झाला आणि लगेच बंद झाला. ती त्या कपाटात शंभर लेझमांच्या मध्ये उभी होती. दोन तास. लेझीम वाजू नये म्हणून न हलता.

कपाटाचं दार तिनं आतून घट्ट धरलं होतं. ओढलं असतं तर निघालं असतं, पण मला ते धाडस होईना. मी बाहेर फरशीवर बसलो आणि म्हटलं, मुक्ता, मी परबकाका. उत्तर नाही. ओळखीचा आवाज ना. वैद्यबाईंनी हाक मारली. नाही. आईला आत आणलं. आई म्हणाली, "मुक्ते, मी आलेय बाळा, चल घरी." छण्‌ झालं, पण दार उघडलं नाही. आईनं माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात ढवळे सर दारात आले. एक मिशी निघालेली, एक तशीच, टिळा घामानं नाकावर उतरलेला. ते ढसाढसा रडत होते. कपाटासमोर उभे राहून म्हणाले, "अगं, मी हल्लेखोर. मी दमलो. माझ्या टिकल्या संपल्या. आता मी चाललो घरी."

कपाटातून आवाज आला, "नक्की?"

"नक्की," सर म्हणाले. "शाळा सुटली."

दार उघडलं आणि लेझमांचा ढीग खणखणत माझ्या पायावर आला. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही असं आम्ही लिहिलं होतं. हल्लेखोरानं हाक मारली तर काय करायचं, याबद्दल नियमांत काही नव्हतं. मुक्ता आईकडे गेली नाही. आधी वैद्यबाईंसमोर गेली आणि म्हणाली, "बाई, मी दार वाजवलं होतं." एवढंच. तक्रार नव्हती, बाईंना माहीत नसेल म्हणून सांगितल्यासारखं. वैद्यबाई खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

त्या रात्री घरी सगळं सांगितलं. बायको ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुमका रडणाऱ्याची इतकी भीती कसली होती ओ?"

आठवड्यानं आढावा बैठक झाली. शहांनी पडद्यावर हिरवा चौकोन दाखवला. एकाही वर्गानं दार उघडलं नाही, म्हणजे ड्रिल पूर्ण यशस्वी. शाळेला प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेलं. आणि बिकट प्रसंगीही नियम पाळल्याबद्दल वैद्यबाईंचा गुलाबपुष्प देऊन सत्कार. मला वाटलं कुणीतरी उठून थांबवेल. मीही उठलो नाही, हेही लिहून ठेवतो. बाईंनी फूल घेतलं, माझ्या खुर्चीपाशी आल्या, ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर निघून गेल्या.

मग चर्चा. पोर बाहेर राहिलं तर काय? एक म्हणाले, तासाला पाणी प्यायला सोडूच नका. दुसरे म्हणाले, प्रत्येकाच्या गळ्यात शिटी द्या. परवलीचा शब्द ठेवावा असंही निघालं, पण तो पोरं व्हॅनवाल्याला सांगतील म्हणून मागे पडलं. शहा शांतपणे म्हणाले, बघा, आत चाळीस आहेत आणि बाहेर एक. हिशेब सरळ आहे. मला न राहवून मी विचारलं, बाहेरचं कुणाचं? ते म्हणाले, म्हणजे? मी म्हटलं, बाहेरचं ते एक पोर कुणाचं धरून हिशेब केलात? मॅडमनी घड्याळ बघितलं आणि विषय पुढच्या सभेवर टाकला. शहा वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आमच्यासारखाच, फक्त त्याच्याकडे लॅपटॉप होता.

पुढच्या सोमवारी मी गेटवर दप्तरं बघत होतो. मुक्ता आली. दप्तर उघडून दाखवलं, बंद केलं, पण पुढे जाईना. मागे रांग लागली.

"काका, परत ड्रिल आहे?"

म्हटलं, ठरलं नाही अजून.

"आणि तेव्हा परत मी बाहेर राहिले तर?"

"मला हाक मार. मी उघडीन."

"खरा असला तरी?"

"खरा असला तरी."

तिनं विचार केला. पोरगी हुशार, नियम सगळ्यांत आधी तिचे पाठ झाले होते. "मग तो पण आत येईल ना?"

तीस वर्षं दारात उभं राहून मिळालेली सगळी अक्कल एका बाजूला आणि हे पोर एका बाजूला. आत चाळीस जण आहेत हे मला माहीत होतं. शहांचा हिशेब मला पाठ होता.

"येऊ दे त्याका," माझ्या तोंडून घरची भाषा गेली. "पयली तू ये."

तिनं मान हलवली आणि वर्गात पळाली. असं म्हणणाऱ्या माणसाला कुठल्याही दारावर उभं करू नये, हे मला त्याच क्षणी कळलं. दुपारी ऑफिसात जाऊन राजीनाम्याचा फॉर्म भरला. कारणाच्या ओळीवर बराच वेळ पेन धरून बसलो, आणि मग लिहिलं, वय.